उलटी छाया

वाघ काढा म्हटलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसची मुलं आधी पट्टे काढतात. पट्ट्यांच्या मधली जागा नारिंगी रंगाने भरतात, मिशा ओढतात आणि कागद समोर धरतात. चित्रकला शिकवण्याच्या नोकरीत असे वाघ माझ्या हातांखालून पुष्कळ गेले. यातल्या कित्येक मुलांच्या घरी वाघ ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणीत रात्रपाळीला जातात. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं उभे आहेत, त्यांच्यावर वेडी बाभूळ माजली आहे, आणि तिथे वाघ दिसल्याची खबर पाळी सुटायच्या आत चहाच्या टपरीवर पोचलेली असते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातही वाघाचा वावर आहे. तरी मुलांच्या कागदावरचा वाघ येतो तो कॅलेंडरमधून नाहीतर मोबाइलमधून. नुकताच रंग दिलेला, ठळक कडांचा.

मी बऱ्याच वर्षांपासून प्राण्यांच्या अंगावरची लव रंगवतो आहे. वाघ त्यात कमीच. सांबर, अस्वल, रोही, कोळसून, आणि त्यांच्यापेक्षा जास्त गावातली कुत्री, शेळ्या, बैल. चित्र बघायला आलेला माणूस जवळ जातो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, “एकेक केस मोजून घ्यावा, सर.” प्रेमाने म्हणतो, म्हणून ऐकून घेतो. पण ज्या चित्रातले केस मोजावेसे वाटतात त्या चित्रात जनावर कमी पडलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याला दिसतात ती अंगाची वळणं, त्यांच्यावरचा उजेड आणि कातडीखाली सरकणारा स्नायू. केस या सगळ्याची खबर वर आणून देतो.

ती खबर वाचायला मी शिकलो पोळ्याच्या बैलांकडून. पिठोरी अमावास्येला सकाळी वर्धा नदीवर बैल धुवायला आणतात. कोरडा बैल अंगभर एकाच रंगाचा वाटतो. पाणी पडलं की केस कातडीला चिकटतात आणि ते कुठून कुठे वाहतात हे उघडं पडतं. वशिंडाच्या पायथ्याशी एक दिशा, खांद्यावर दुसरी, बरगड्यांवरून खाली उतरताना तिरकी, मांडीवर सरळ खाली. दोन प्रवाह समोरासमोर येतात तिथे केस उठून रेघ, म्हणजे गोम, होते. एका बिंदूभोवती फिरतात तिथे भोवरा होतो. बैलबाजारात घेणारा माणूस दातांबरोबर भोवरा आणि गोम बघतो. कुठला भोवरा लाभाचा, कुठली गोम घराला वाईट, याचे त्याचे आडाखे पक्के असतात. त्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही. पण जनावराचे केस इतक्या बारकाईने वाचणारी माणसं मला चित्रकारांतही फारशी भेटलेली नाहीत, आणि त्यांच्यासोबत बाजारात फिरायला मला आजही आवडतं.

पोळ्याला मुलांना वही घेऊन नदीवर बसवतो तेव्हा सांगतो, बैल काढू नका, फक्त बाण काढा. केस ज्या बाजूला जातात त्या बाजूला बाण. जिथे केस आखूड तिथे छोटा बाण, जिथे लांब तिथे मोठा. अर्ध्या तासात कागद बाणांनी भरतो आणि त्या बाणांतून बैलाची पाठ, पोट, खांदा वर येऊ लागतात. बाह्यरेषा कुणी काढलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला हीच मुलं गुळगुळीत रंगवलेले लाकडी बैल घेऊन गल्लीतून फिरतात. त्या बैलाला केस नसतात आणि नसावेत. तो हातात धरायचा, ओढायचा, मिरवायचा बैल आहे.

लव रंगवताना पहिला केस फार उशिरा येतो. आधी पातळ थर: मोठे काळोख, मोठे उजेड, कुठेही कडक कड नाही. मग झुबके. केस एकटा क्वचितच राहतो. घामाने, अंगच्या तेलाने, धुळीने बरेच केस मिळून एक टोक करतात आणि त्या टोकाची सावली खालच्या झुबक्यावर पडते. ती सावली नीट उतरली की वरचे केस काढावेही लागत नाहीत. त्यानंतर येतात वरचे राठ केस, ज्यांच्यावरून पाऊस ओघळून जातो, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी खालची मऊ, फिकी लव. अस्वलाला ही खालची लव नसल्यात जमा, म्हणून त्याचे लांब केस मोकळे पडतात आणि वाऱ्याने कुठेही दुभंगतात. सांबराच्या नराला मानेवर राठ आयाळ असते, चिखलात लोळून ती कित्येकदा थिजलेली असते. गव्याचा केस इतका आखूड की तो केस म्हणून रंगवूच नये, स्नायूवरची चमक म्हणून रंगवावा. शेवटी लायनर ब्रशने सुटे केस, तेही कानाच्या कडेला, हनुवटीखाली, पोटाच्या रेषेवर, जिथे ते मागच्या उजेडात खरोखर सुटे दिसतात तिथेच.

इथला उन्हाळा या कामाच्या मुळावर येतो. पारा ४५ अंशांच्या वर गेला की ॲक्रिलिक रंग पॅलेटवरून कागदापर्यंत नेईतो ब्रशवरच सुकतो. दोन ओले रंग एकमेकांत मुरवून लवेचा मऊपणा आणायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये पहाटेच बसावं लागतं. तैलरंग वेळ देतात, पण ओल्या तैलरंगावर घुग्घुसची धूळ बसते. कोळशाचे ट्रक, सिमेंट, स्पंज आयर्न. खिडकी लावून घेतली तरी ती आत येतेच. ओला कॅनव्हास मी भिंतीकडे तोंड करून, वरून कापड टाकून ठेवतो.

हीच धूळ गावातल्या जनावरांच्या अंगावर असते आणि रंगाबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं तिच्यामुळे कळलं. घुग्घुसमधलं पांढरं कुत्रं पाठीवर करडं असतं, केसांच्या मुळाशी काळपट, ज्या कुशीवर झोपतं तिथे मातकट, आणि कानामागे जिथे मागचा पाय पोचवून खाजवतं तेवढंच उजळ. त्याला चित्रात धुऊन पांढरं करणं मला पटत नाही. ती धूळ त्याच्या आयुष्याचा भाग आहे, माझ्याही. काळ्या रंगाचं तेच. ताजा फुटलेला कोळसा ज्याने उन्हात फिरवून पाहिला त्याला काळा रंग एकच असतो हे कुणी पटवू शकणार नाही. एका पैलूवर निळसर, दुसऱ्यावर तपकिरी, तिसऱ्यावर जवळजवळ पांढरी चमक. अस्वल रंगवताना मी काळ्या रंगाची ट्यूब उघडत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळतो. आभाळाकडे वळलेल्या केसांवर निळा वाढवतो, जमिनीकडे वळलेल्यांवर अंबर.

ताडोबाच्या जंगलात २०१८ साली काळा बिबट्या दिसला होता. काळ्या बिबट्याच्या अंगावर ठिपके असतातच, काळ्यावर काळे. तिरका उजेड आला की कुशीवर ते वर येतात. असा बिबट्या रंगवायला मी मुद्दाम कोळशाचे तुकडे टेबलावर मांडून बसलो होतो. त्यांच्याइतका चांगला नमुना दुसरा मिळाला नसता.

लवेचा विषय निघाला की आल्ब्रेख्त ड्युररचा ससा आठवणारच. १५०२ साली त्याने तो जलरंगात रंगवला. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. मी छापील प्रतींवरून शिकलो. पाच शतकं लोक त्या केसांचं कौतुक करत आले आहेत, पण चित्राचा मोठा भाग नुसता पातळ तपकिरी वॉश आहे. त्याच्यावर गडद आणि पांढऱ्या रेघा येतात त्या कपाळावर एका चालीने, छातीवर दुसऱ्या, मांडीवर तिसऱ्या. आपल्याकडे जहांगीरच्या काळातलं, १६१० च्या सुमाराचं, अबुल हसनच्या नावावर सांगितलं जाणारं चिनारावरच्या खारींचं चित्र आहे. ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लघुचित्रांच्या परंपरेत बारीक कामाचे कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असत, तेव्हा खारींची लव बहुधा खारीच्याच केसांनी उतरली असेल. हा विचार मनात आला की चित्राकडे बघताना थोडं थांबायला होतं.

कारण ब्रशचे केस कुठल्या जनावराचे, हा प्रश्न आपल्या काळात मुंगसावर येऊन थांबला आहे. मुंगसाच्या प्रत्येक केसावर फिकट आणि गडद असे आलटून पालटून पट्टे असतात. पॅलेटवर करडा रंग मिसळून मुंगूस कधीच होत नाही, कारण तो करडेपणा केसावर नसतो. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. त्याच्या केसांचा ब्रश पाणी छान धरतो, टोक टिकवतो, म्हणून चित्रकारांनी तो वर्षानुवर्षं हौसेने वापरला. त्यासाठी मुंगसं मारली गेली. वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर या ब्रशांविरुद्ध मोहीम चालवली. मुलांना मी सांगतो: टोक गडद आणि त्याच्याखाली फिकट पट्टा असा ब्रश दिसला तर तो घ्यायचा नाही. जनावरावरच्या मायेपोटी त्याचे केस रंगवायचे आणि हातातल्या ब्रशसाठी दुसरं जनावर मेलेलं असायचं, हे मला सहन होत नाही. नायलॉनच्या ब्रशचं काही अडत नाही. उलट तो जुना होऊन फाटला की लवेच्या जास्तच कामाचा. अर्धवट कोरडा रंग घेऊन एक फटकारा मारला की शेजारी शेजारी कितीतरी केस उमटतात, आणि एकही दुसऱ्यासारखा नसतो.

शासकीय रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पहिल्यांदा शिकवतो ती गोलाची छाया. उजेड वरून येतो. वरचा भाग उजळ ठेवा, खाली सरकत गडद करत या, बुडाशी जमिनीवरून परतलेल्या उजेडाची फिकट पट्टी सोडा. सपाट कागदावरचा चेंडू फुगून वर येतो. छाया-प्रकाशाच्या सगळ्या चित्रकलेचा पाया एवढाच आहे.

ॲबट थेयर हा अमेरिकन चित्रकार होता. त्याचाही पाया हाच. १८९६ साली त्याने एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात रानातल्या जनावरांबद्दल एक साधी वाटणारी गोष्ट मांडली. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरं का असतं? सशाचं का? आभाळातून येणारा उजेड पाठीवर पडतो, पोट सावलीत जातं. आणि लवेचा रंग नेमका याच्या उलट आहे. जिथे उजेड जास्त तिथे लव गडद. जिथे सावली तिथे लव पांढरी. एकाने दुसऱ्याला खोडलं की शरीराचा गोलपणा जातो आणि उभं जनावर मागच्या गवतात सपाट होऊन विरून जातं. आम्ही चित्रकार सपाट कागदावर गोलाई आणायला आयुष्य घालवतो. जनावर अंगावर उलटी छाया वागवून स्वतःची गोलाई पुसून टाकतं. हे त्याला दिसलं ते तो चित्रकार होता म्हणूनच, असं मला वाटतं. ज्याला गोलाई कशाने येते हे हाताने माहीत आहे, त्यालाच ती कशाने जाते हे उमगणार.

थेयर पुढे हट्टाला पेटला. १९०९ साली त्याच्या मुलाच्या नावाने, त्याच्या मदतीने, जे मोठं पुस्तक निघालं त्यात रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगसुद्धा उगवत्या-मावळत्या आभाळात लपण्यासाठी आहे असा दावा होता, आणि थिओडोर रूझवेल्टने त्यावर कडाडून टीका केली. टीका योग्यच होती. तरी त्याचं मूळचं निरीक्षण टिकून राहिलं, आणि वाघासमोर बसल्यावर ते प्रत्येक वेळी कसाला लागतं. वाघाचं पोट पांढरं आहे आणि सावलीतही आहे. ते पांढरं ठेवलं तर उजेड खोटा पडतो. गडद केलं तर वाघ खोटा पडतो. तिथे निळसर करडा लागतो, त्यात खालच्या वाळल्या गवतावरून उसळलेला किंचित पिवळा. वर पट्टे आहेतच. ते नुसते केसांवर नसतात, केस काढले तर कातडीवरही असतात. प्रत्येक वाघाचे वेगळे, म्हणून कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वनखातं वाघ ओळखू शकतं. पण उभ्या गवतात तेच पट्टे वाघाचं अंग तुकड्यातुकड्यांत फोडतात आणि बघणाऱ्याला वाघ कुठे सुरू झाला ते कळत नाही. चितळ-सांबरांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा हा फरक जाणवत नाही. आपल्याला वाघाचं जे सगळ्यात ठळक वाटतं ते त्यांच्या लेखी गवताच्याच रंगाचं आहे.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं, मुलांना सांगतही होतो. मग एक दिवस माझी एक विद्यार्थिनी आजीला घरी घेऊन आली. आजीचं माहेर ताडोबाजवळच्या मोहर्लीकडचं. लहानपणापासून मोहफुलं वेचलेली, तेंदूपत्ता तोडलेला. वाघाचं मोठं चित्र तेव्हा इझलवर होतं. आजी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “सर, वाघ असा पिवळा नसते. सुकल्या तनसावानी असते. उभा राहिला तं दिसतच नाही. हालला तं दिसते.”

“तुम्ही किती जवळून पाहिला, आजी?”

“त्या दारापासून एवढ्या.” आणि तिने माझ्या खोलीच्या दोन भिंतींमधलं अंतर हाताने दाखवलं. “मी वाकून फुलं वेचत होतो. मान वर केली तं गवतच होतं. मंग गवताले कान आले.”

आजीने पुढे फार काही सांगितलं नाही; मीही खोदून विचारलं नाही. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा, तेंदूपत्त्याचा त्यानंतरचा. पहाटे जायचं, वाकून काम करायचं. याच दिवसांत दरवर्षी या जिल्ह्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. पर्यटकाला वाघ दिसतो तो जिप्सीतून, रस्त्यावर, मोकळ्यात, पाणवठ्यावर. आजीला दिसला तो त्याच्या घरात. वाघाच्या लवेचं खरं काम जिने अनुभवलं ती बाई माझ्यासमोर उभी होती आणि थेयरच्या लेखाचं सार तिने सुकल्या तनसात बसवलं होतं.

ते चित्र मी पुन्हा हाती घेतलं. पाठीची कड होती ती बोटाने आणि कोरड्या ब्रशने गवतात मिसळली. नारिंगीवर पातळ मातकट थर दिला. कुशीवरचे बरेच केस झाकून टाकले आणि त्यांच्या जागी गवताच्या काड्या येऊ दिल्या, काही वाघाच्या पुढे, काही मागे, काही कुठल्या ते कळू नये अशा. कडक कड ठेवली ती फक्त कानांना. वाघाच्या कानाच्या मागच्या बाजूला काळ्यावर एक पांढरा ठिपका असतो. डोकं वळलेलं असल्याने एका कानावर तो येत होता. तो मात्र स्वच्छ पांढरा ठेवला.

याचा अर्थ भिंतीवरच्या ठळक वाघाला मी कमी लेखतो असा नाही. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन्ही रेल्वे स्थानकं ताडोबातल्या प्राण्यांनी रंगवली गेली आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सौंदर्यीकरण स्पर्धेत दोघांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला. तेव्हा मी खास ती चित्रं बघायला गेलो होतो. गाडी थोडा वेळ थांबते, खिडकीतून बघणाऱ्याला एका नजरेत वाघ मिळायला हवा. तिथे बारीक लव रंगवणं म्हणजे श्रम वाया घालवणं. चित्र किती अंतरावरून बघायचं आहे यावर केस ठरतात. माझं चित्र खोलीतल्या भिंतीवर, दोन हातांवरून बघायचं आहे. त्या अंतरावर पहिल्या नजरेला गवत दिसावं, वाघ नंतर यावा, एवढी माझी इच्छा आहे.

चित्र पुरं झाल्यावर मी आजीला पुन्हा बोलावलं. तिने पाहिलं, मान हलवली, नातीला जवळ घेऊन कान दाखवले. मग मला विचारलं, “हे उन्हाळ्याचं झालं. पावसाळ्यात कसा काढसान? तवा तं समदं हिरवंगार रायते.”

प्रश्न अवघड आहे. हिरव्यागार गवतात वाघ चितळाला दिसत नाही, पण आपल्या डोळ्यांना तो नारिंगी दिसतो आणि चित्र बघणारे आपणच. सध्या मी जुलैतला भिजलेला वाघ करून पाहतो आहे. पावसाने लवेचे झुबके चिकटून गडद झालेले, दोन झुबक्यांच्या मधल्या सावलीत सॅप ग्रीन, पाठीवर आभाळाचा करडा. सॅप ग्रीन किती घ्यायचा ते अजून बसत नाही. जास्त झाला तर वाघ शेवाळलेला दिसतो, कमी पडला तर पुन्हा कॅलेंडरचा होतो. नात शेजारी बसून बाण काढते आहे, ओल्या कुत्र्याचे.